रीळ एकच आहे, प्रोजेक्टर दुसरा मिळेल

खानापूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या आजोबांना हौशी चित्रीकरणाचा नाद होता. माडीवरच्या ट्रंकेत त्यांची सात छोटी रिळं आणि एक प्रोजेक्टर सापडला. प्रोजेक्टर लावला तर मोटर नुसती घुमते, रीळ फिरत नाही, आणि आत हात घातला तर बोटांना डांबरासारखं काळं चिकट लागतं. म्हणून भावाने बेळगावात कॅम्पातल्या ओळखीच्यांकडून दुसरा प्रोजेक्टर आणला. त्यावर दोन रिळं बरी चालली. तिसरं लावल्याबरोबर खडखड आवाज सुरू झाला आणि चित्र वरखाली उड्या मारायला लागलं. चौथ्याचंही तेच झालं, शिवाय ते बरोबर मध्यावर अडकलं आणि पडद्यावरच्या बाईच्या पदरावर तपकिरी फोड आला. एका डब्याला व्हिनेगरचा वास येतो, दोन रिळांवर पांढरी बुरशी आहे. काकूंना भीती आहे की जुनी फिल्म पेट घेईल. भाऊ म्हणतो, चादरीवर चालवून मोबाइलने शूट करून टाकू. काका म्हणतात, एकदा मोबाइलमध्ये आलं की ट्रंक रिकामी करा. आजींचं सहस्रचंद्रदर्शन माघात आहे आणि त्या दिवशी हे सगळ्यांना दाखवायचं आहे.

ताई, सगळ्यात आधी एक विनंती. हे वाचून होईपर्यंत आणि वाचल्यावरही काही दिवस एकही रीळ कुठल्याच प्रोजेक्टरवर चढवू नका. चौथं तर नाहीच. तुम्ही विचारलंय की प्रोजेक्टर नीट कसा चालवायचा. मी उत्तर देणार आहे, पण क्रम बदलून. आधी फिल्म वाचवायची, मग ती बघायची.

याचं कारण असं. फोटोच्या रोलला निगेटिव्ह असते, प्रिंट खराब झाली तर दुसरी काढता येते. घरगुती सिनेमाची फिल्म बहुतेक वेळा रिव्हर्सल जातीची असायची. आजोबांच्या कॅमेऱ्यातून जी पट्टी फिरली तीच धुऊन परत आली आणि तीच आता तुमच्या हातात आहे. तिची निगेटिव्ह कुठेही नाही, दुसरी प्रत नाही. त्या पदरावरचा फोड आता कायमचा. तिसऱ्या रिळाची भोकं फाटली असतील तर तीही फाटलेलीच राहणार. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी हे लक्षात ठेवा की चुकलं तर मागे जायला वाट नाही.

काकूंची भीती लगेच दूर करते. पेट घेणारी फिल्म नायट्रेटची, आणि ती थिएटरच्या ३५ मिलिमीटर फिल्ममध्ये १९५०च्या सुमारापर्यंत वापरात होती. घरगुती ८ मिलिमीटर फिल्म पहिल्यापासून सेफ्टी बेसवरच, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या पट्टीवरच बनली. ती गरम होऊन वितळते, फोड येतो, पण भडकत नाही. घरात ठेवायला धोका नाही.

आता तिसऱ्या आणि चौथ्या रिळाकडे येऊ. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात की ‘काही रिळांची भोकं मोठी आहेत, काहींची बारीक.’ माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच आहे. आठ मिलिमीटरच्या दोन जाती आहेत. कोडॅकने १९३२ साली आणली ती रेग्युलर एट, आणि १९६५ साली आली ती सुपर एट. रुंदी दोन्हींची तीच, म्हणून नुसतं बघून फसगत होते. पण रेग्युलरची भोकं मोठी, चौकोनी, आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर असतात. सुपरची भोकं बारीक आणि प्रत्येक चित्राच्या मध्यावर. रेग्युलरमध्ये एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतचं अंतर ३.८१ मिलिमीटर, सुपरमध्ये ४.२३. प्रोजेक्टरमधला छोटा दात भोकात शिरून दर वेळी एक चित्र खाली ओढतो. सुपर एटचा दात रेग्युलरच्या पट्टीला दर वेळी जास्त ओढायला बघणार, तो भोकात बसणार नाही, काठ कुरतडणार. खडखड आवाज तो आणि उड्या मारणारं चित्र तेच. भावाने आणलेला प्रोजेक्टर सुपर एटचा असणार आणि आजोबांची जुनी रिळं रेग्युलर.

पडताळून बघणं सोपं आहे. रिळाच्या मधलं भोक बघा. रेग्युलरच्या रिळाचं भोक लहान असतं, सुपरचं चांगलं करंगळीएवढं. मग खिडकीच्या उजेडात सुरुवातीची वीतभर फिल्म धरा, फक्त काठाला बोट लावून, आणि भिंग घेऊन भोकं बघा. सातही रिळांची अशी वाटणी करा आणि डब्यांवर लिहून ठेवा. काही प्रोजेक्टर दोन्ही जातींचे असतात, त्यावर बटण किंवा खटका असतो. भावाच्या प्रोजेक्टरला तसा खटका आहे का बघायला हरकत नाही, पण लगेच लावून बघू नका.

चौथं रीळ बरोबर मध्यावर का अडकलं, याचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात आजोबा दिसतात. रेग्युलर एटचा रोल मुळात १६ मिलिमीटर रुंद आणि २५ फूट लांब असायचा. आजोबा आधी अर्ध्या रुंदीवर शूट करायचे. रोल संपला की सावलीत जाऊन कॅमेरा उघडायचे, रीळ उलटून लावायचे आणि उरलेल्या अर्ध्यावर शूट करायचे. लॅबमध्ये धुतल्यावर ती पट्टी मधोमध उभी चिरायची आणि दोन तुकडे एकापुढे एक जोडून ५० फुटांचं रीळ परत यायचं. म्हणजे प्रत्येक रेग्युलर रिळाच्या बरोबर मध्यावर लॅबचा एक सांधा आहे. त्या सांध्याच्या आजूबाजूला चित्र पांढरं-केशरी झालेलं दिसलं तर घाबरू नका. रीळ उलटताना उजेड शिरला, एवढंच त्याचं कारण. एवढ्या वर्षांनी तो सांधा ताठ झालेला असतो, थोडा उचललेलाही. तो गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते त्या फटीत अडकला, दात त्याला ओढू शकला नाही, चित्र थांबलं, आणि मागच्या दिव्याच्या उष्णतेने तो फोड आला. प्रोजेक्टर चुकीच्या जातीचा नसता तरी हे झालं असतं.

म्हणून सांधे आधी तपासायचे. स्वच्छ टेबलावर पांढरा कागद पसरा, फिल्म हाताने हळूहळू एका रिळावरून दुसऱ्यावर घ्या आणि काठ दोन बोटांत हलके धरून ठेवा. उचललेला सांधा किंवा फाटलेलं भोक बोटाला लगेच कळतं. जिथे लागेल तिथे फिल्मला काही न करता वहीत नोंद करा, ‘सुरुवातीपासून साधारण इतक्या अंतरावर.’ सुटलेल्या सांध्याला सेलोटेप लावू नका. तिचा गोंद पिवळा पडून पाझरतो आणि शेजारच्या वेटोळ्याला चिकटतो. सांध्यासाठी वेगळी स्प्लाइसिंग टेप मिळते, भोकं पाडलेली, आणि ती लावायला स्प्लायसर नावाचं जोडणीचं छोटं साधन लागतं. तुमच्याकडे नसेल तर सुटलेला सांधा तसाच राहू द्या, पुढे फिल्म स्कॅन करून तिची डिजिटल फाइल बनवणारे तो जोडतील.

आणखी एक मोजणी करून ठेवा. वयाने फिल्म आक्रसते. रेग्युलरची शंभर भोकं मोजा, पहिल्याच्या वरच्या काठापासून एकशेएकाव्याच्या वरच्या काठापर्यंत. ते अंतर ३८१ मिलिमीटर असायला हवं. सुपरचं ४२३. एका टक्क्याचा फरक, म्हणजे ३७७ किंवा ४१९च्या आसपास आलं, तर ते रीळ दातांच्या कुठल्याही प्रोजेक्टरवर चढवायचं नाही. योग्य जातीच्यावरही नाही. व्हिनेगरच्या वासाच्या रिळावर ही मोजणी नक्की करा.

तो वास म्हणजे फिल्मचा पायाच कुजायला लागल्याची खूण. हा पाया, म्हणजे ॲसिटेटचा बेस, दमट उष्ण हवेत विघटित होतो, त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, आणि ते ॲसिड पुढचं विघटन आणखी वेगाने करतं. यावर औषध नाही. फक्त वेग कमी करता येतो. ते रीळ आजच इतरांपासून वेगळं करा, कारण त्याची वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही लागते. हवाबंद स्टीलच्या डब्यात कोंडू नका, आतच वाफ साठते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकण सैल ठेवून, घरातल्या सगळ्यात कोरड्या आणि थंड जागी ठेवा. काठावर तपकिरी चुंबकीय पट्टी असेल, म्हणजे आवाजाची फिल्म असेल, तर कुजणं आणखी लवकर होतं. स्कॅनिंगच्या रांगेत हे रीळ पहिलं.

बुरशीची दोन रिळं आत्ता उघडूच नका. तुम्ही श्रावणात पत्र लिहिलंय. खानापूरच्या पट्ट्यात या दिवसांत भिंतींना ओल येते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी धरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा हवेत रीळ उलगडलं तर आतल्या कोरड्या वेटोळ्यांनाही दमट हवा लागते. दसरा होऊ द्या, पाऊस ओसरू द्या. दिवाळीनंतर तुमच्याकडची हवा कोरडी होते, तेव्हा हे काम करा. तोवर सगळी रिळं ट्रंकेतून बाहेर काढून वरच्या मजल्यावरच्या, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर मिळतो, तो आत ठेवा. काटा पन्नासच्या खाली राहिला तर उत्तम. डांबरगोळ्या असतील तर काढून टाका. आणि पापड-सांडग्यांबरोबर रिळंही उन्हात घालायची आजींची सूचना असेल, तर त्यांना प्रेमाने थांबवा. उन्हाने फिल्म वाकते आणि आक्रसते.

दिवाळीनंतर पुसायचं कसं? मास्क लावा, अंगणात किंवा गच्चीवर सावलीत बसा, म्हणजे बुरशीची धूळ घरात पसरणार नाही. मऊ, सूत न सोडणारं कापड किंवा मखमलीचा तुकडा घ्या, फिल्म त्यातून हलकेच सरकवा, कापडाची जागा सतत बदला. एवढंच. पाणी अजिबात लावायचं नाही. चित्र जिलेटिनच्या थरात असतं, बुरशी जिलेटिनच खाते, आणि तिने खाल्लेला थर पाण्यात विरघळतो. ओल्या फडक्याने एकदा पुसलं की बुरशीबरोबर चेहरेही निघून जातील. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. खोबरेल, रॉकेल, काच पुसायचं द्रावण, काही नको. कोरड्याने न निघणाऱ्या चिकट डागाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, तेही कापडाला जेमतेम लावून, आधी रिळाच्या टोकाच्या रिकाम्या पट्टीवर बघून, आणि चूल-गॅसपासून लांब. चुंबकीय पट्टीच्या फिल्मला तेही लावू नका. बुरशीने खाल्लेली कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी चित्रात राहील. ती राहू द्या.

आजोबांचा प्रोजेक्टर टाकू नका. त्याचं दुखणं साधं आहे. आतला रबरी पट्टा वितळला आहे, जुन्या प्रोजेक्टरांमध्ये हे सर्रास होतं. प्लग काढलेला असताना मागचं झाकण उघडा, तो काळा चिकटा कापूस आणि अल्कोहोलने पुलीवरून पूर्ण निपटून काढा. नवा पट्टा मागवायला जुना मोजता येणार नाही, म्हणून पुलींवरून दोरा गुंडाळून लांबी घ्या आणि मॉडेलचं नाव लिहून घ्या. मग एक गोष्ट न चुकता बघा, मागे व्होल्टेजचा खटका असतो, ११० आणि २२० असा. परदेशातून आलेल्या मशीनवर तो ११०वर राहिलेला असतो, आणि आपल्या घरातल्या २३०वर लावला की दिवा उडतो, मोटर जळते. इतकी वर्षं बंद असलेल्या मशीनमधला कपॅसिटरही धूर काढू शकतो, म्हणून पहिल्यांदा चालू करताना बेळगावातला कुणी जुना रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जाणकार शेजारी असू द्या. गेटमधला साचलेला कीट लाकडी काडीने काढा, सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हरने नाही. तिथला एक ओरखडा पुढे प्रत्येक रिळावर उभी रेघ काढत बसेल. फिल्म जिथून जाते तिथे तेल नको.

हे सगळं झाल्यावरही पहिल्यांदा आजोबांचं रीळ लावायचं नाही. कोरी लीडर पट्टी विकत मिळते, ती चालवा. गेटच्या वर आणि खाली फिल्मचा सैल वळसा राहिला पाहिजे. तो वळसा सुटला की चित्र खाली ओघळल्यासारखं दिसतं. लीडर पाच-दहा मिनिटं बिनतक्रार चालली, काठ कुरतडला नाही, तरच पुढचा विचार. दुकानाची पाटी पडद्यावर उलटी वाचली जात असेल तर फिल्म उलट्या बाजूने लागली आहे, तेवढंच.

भावाच्या मोबाइलच्या कल्पनेबद्दल. चादरीवरचं चित्र मोबाइलने घेतलं की ते लुकलुकतं, कारण रेग्युलर फिल्म सेकंदाला १६ चित्रांनी चालते, सुपर १८ने, आणि मोबाइल ३० टिपतो. प्रोजेक्टरला वेगाचा बारीक खटका असेल आणि शटर, म्हणजे दिव्यासमोर फिरणारी उजेड अडवणारी चकती, तीन पात्यांचं असेल, तर वेग १६ आणि दोन-तृतीयांशवर आणून मोबाइल २५वर लावला की लुकलुक जवळपास जाते. ज्याला दुसरा मार्गच नाही त्याच्यासाठी हे ठीक. तुमच्यासाठी नाही. तुमच्याकडे आक्रसलेली, बुरशीची आणि सांधे उचललेली रिळं आहेत, आणि हाताशी दसऱ्यापासून माघापर्यंतचे महिने आहेत.

तेव्हा स्कॅनिंग करून घ्या. दुकान निवडताना जाहिरात बघू नका, प्रश्न विचारा. एकेक चित्र वेगळं टिपता, की पडद्यावर चालवून कॅमेऱ्याने घेता? दुसरं उत्तर आलं तर फोन ठेवा. तुमचं मशीन दातांनी ओढतं, की बिनदातांच्या रोलरवर? आक्रसलेल्या फिल्मला रोलरचंच हवं. रेग्युलर आणि सुपर दोन्ही घेता का? चित्राचा वेग १६ आणि १८ ठेवून द्याल ना? नाहीतर माणसं पळताना दिसतात. रंग सुधारलेली फाइल द्या, पण न सुधारलेली मूळही द्या. आणि मूळ प्रतीवर गाणी चिकटवू नका. रंगांचं सांगते, डब्यावर कोडाक्रोम लिहिलं असेल तर अंधारात ठेवलेले रंग बरेच टिकलेले असतील. बाकी बऱ्याच फिल्म गुलाबी पडतात, त्यातलं थोडंफार स्कॅनमध्ये परत आणता येतं.

बेळगावात मनासारखं उत्तर नाही मिळालं तर पुणे-मुंबई करा, पण रिळं कुरिअरने पाठवू नका. कुणीतरी हातात घेऊन जावं, गाडीच्या डिकीत नाही. सात छोटी रिळं म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचं चित्रण. ५० फुटांचं रेग्युलर रीळ सव्वाचार मिनिटांच्या आत संपतं, सुपर तीन मिनिटं वीस सेकंदांत. खर्च रिळावर लागतो, तेव्हा तो घरात वाटून घेण्याजोगा असेल.

तुम्ही लिहिलंय की एका डब्यावर आजोबांच्या अक्षरात ‘शिवजयंती, चित्ररथ’ असं आहे. बेळगावची वैशाखातली चित्ररथांची मिरवणूक हा आपल्या सीमाभागाचा ठेवा आहे, आणि ती त्या काळी रंगीत कुणी टिपली असेल तर ते फक्त तुमच्या घरापुरतं राहत नाही. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. स्कॅन झाल्यावर त्यांना पत्र लिहून विचारा की अशा घरगुती चित्रणात त्यांना रस आहे का. आणि ते डबे, त्यावरच्या चिठ्ठ्या, लॅबचे शिक्के टाकू नका. कोडॅकच्या फिल्मच्या काठावर गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात, त्यांच्या जोडीवरून फिल्म कुठल्या साली बनली ते काढता येतं. त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, तेव्हा डब्यावरच्या शिक्क्याशी ताडून बघावं लागतं.

माघातल्या सोहळ्यात प्रोजेक्टरचा हट्ट धरू नका. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावा, सगळ्यांना नीट दिसेल. पण त्याआधी, पाहुणे नसताना, एका दुपारी आजींना एकट्याच दाखवा. फिल्म बहुतेक मुकीच असणार, कोण कोण आहे ते त्याच सांगू शकतील. शेजारी फोनवर आवाज रेकॉर्डिंग चालू ठेवा, गरज पडली तर चित्र थांबवा, आणि त्या घेतील ती नावं रिळाच्या क्रमांकासमोर वहीत लिहून ठेवा. गर्दीत, आरतीच्या गडबडीत, हे होत नाही.

काकांच्या सूचनेला माझं स्पष्ट नाही. मोबाइल हरवतो, हार्ड डिस्क बंद पडते, आणि दहा वर्षांनी आजच्यापेक्षा चांगले स्कॅनर येतील, तेव्हा परत स्कॅन करायला मूळ रिळंच लागणार. फाइलच्या तीन प्रती करा, एक तुमच्याकडे, एक भावाकडे, एक गावाबाहेरच्या कुणा नातेवाइकाकडे. रिळं ट्रंकेत परत घालू नका, त्याच वरच्या कपाटात आडवी ठेवा, व्हिनेगरच्या वासाचं वेगळं. दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, सिलिका जेल बदला आणि प्रत्येक डबा उघडून वास घ्या. रिळाचा क्रमांक, जात, स्कॅन केल्याची तारीख आणि आजींनी सांगितलेली नावं यांची चिठ्ठी डब्याच्या बाहेरून लावा, फिल्मला काही चिकटवू नका.